न्यांगेता खरंच मेली

भुरं माणूस मरत नाही. ते कातडीत, केसांत रंग न घेता जन्माला येतं, जगतं, वेळ झाली की जातं. पण मरत नाही. आमच्या बेटावर हे सत्य इतकं जुनं आणि इतकं पक्कं आहे, की त्याबाबत चर्च, मशीद आणि दोन्ही राजकीय पक्ष यांच्यात मतभेद नाहीत.

पुरावा एवढाच, की भुऱ्या माणसाची अंत्ययात्रा कुणी पाहिलेली नाही. ती का पाहिलेली नाही हेही सगळ्यांना ठाऊक आहे. भुऱ्या माणसाचं हाड जाळ्यात बांधलं की मासा आपण होऊन चालत येतो, असं मानणारे लोक बेटाभोवतीच्या सरोवराच्या चारी बाजूंना राहतात, आणि ते फावडी घेऊन फिरतात. म्हणून भुरं माणूस मेलं की घरचे मोठ्यानं रडतसुद्धा नाहीत. चुलीजवळची जमीन खणतात, त्याला तिथे ठेवतात, वर सिमेंट ओततात आणि सकाळी शेजाऱ्यांना सांगतात, "गेला." शेजारी "कुठे?" असं विचारत नाहीत. अशा रीतीनं भुरी माणसं मरत नाहीत हे सिद्ध होतं. मरत नाहीत म्हणजे त्यांच्या हाडांत काहीतरी असणार, हेही सिद्ध होतं. हाडांत काहीतरी आहे म्हणून फावडी येतात, आणि फावडी येतात म्हणून चुलीजवळ खणावं लागतं. मी इथल्या शाळेत जीवशास्त्र शिकवतो. निसर्गातली बरीच चक्रं फळ्यावर काढून झाली माझी. इतकं न गळणारं एकही सापडलं नाही.

न्यांगेता माझी शेजारीण. बोटीच्या धक्क्यावर मासे तळून विकायची. केस मक्याच्या कणसाच्या शेंड्यांसारखे, अंग कायम भाजून सोललेलं, आणि डोळे असे की हाताच्या अंतरापलीकडचं जग तिच्या लेखी धुकं. गिऱ्हाईक ओळखायची ती चालीवरून.

"मास्तर, आज चपलेचा अंगठा तुटलाय वाटतं. पगार झाला नाही का अजून?"

"झालाय. बायकोनं ठेवून घेतलाय."

"मग चप्पल तिच्याच पायात शोभली असती."

कमरेला ती जो खांगा गुंडाळायची त्याच्या काठावर छापलेलं होतं: माझ्या कढईकडे बघत बसाल तर तुमचं करपेल. आमच्याकडच्या बायका तोंडानं बोलता येत नाही ते कापडावर छापून घेतात आणि नेसून हिंडतात. न्यांगेताला तोंडानंही बोलता येत होतं, कापड जादाचं.

वर्षातून एकदा मोठ्या गावाहून त्वचेच्या डॉक्टरांची बोट यायची. ते भुऱ्या लोकांना रुंद काठाच्या गवती टोप्या द्यायचे, आणि उन्हापासून बचावाचं मलम. टोपी न्यांगेता वापरायची, कारण तिच्या सावलीत कढई तेवढी स्पष्ट दिसायची. मलम मात्र तिनं कपाटात ठेवलं होतं. चांगली वस्तू चांगल्या दिवशी काढायची, ही तिची शिस्त. रविवारी पहाटेच्या प्रार्थनेला ती मलम लावून जायची. त्या वेळी सूर्य उगवलेला नसायचा. परत येऊन तोंड धुवायची आणि धक्क्यावर बसायची.

"अगं, उलटं करतेस तू," मी एकदा म्हटलं.

"देवासमोर बरी दिसू नको का?" ती म्हणाली. "मासे घेणाऱ्यांना माझ्या तोंडाशी काय करायचंय?"

कानामागे फोड आला तेव्हा तिनं तो डोक्याच्या फडक्याखाली झाकला. फोडाची जखम झाली. डॉक्टरांची बोट आली तेव्हा ती धक्क्यावरच होती, बोटीपासून हाक मारली तर ऐकू येईल इतक्या जवळ. पण उठली नाही. गर्दी फार होती म्हणाली. वैद्याकडे मात्र ती गेली. आमचा वैद्य हुशार माणूस आहे, जे बरं करता येत नाही त्याला तो अर्थ देतो. त्यानं जखमेचा वास घेतला आणि सांगितलं, "हे दार आहे. तुझी जायची वेळ जवळ आली, म्हणून उघडतंय." न्यांगेतानं त्याला दोन मोठे मासे दिले.

शेवटी मसातूनं तिला उचलून बोटीत घातली आणि मोठ्या गावच्या इस्पितळात नेली. मसातू हा तिचा भाऊ. होड्या बांधतो, आणि बोलायची वेळ आली की तोंडात खिळे धरतो, म्हणजे बोलावं लागत नाही. डॉक्टरांनी कान पाहिला, मान पाहिली, मग मसातूला बाजूला घेतलं. न्यांगेताला बाजूला घेतलेल्या माणसांचंही ऐकू यायचं. कर्करोग हाडापर्यंत गेला होता. गेल्या वर्षी आणली असती तर कापून काढता आला असता, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर लोकांचं गेलं वर्ष नेहमी चांगलं असतं.

दोघं परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. मसातू अंगणात एका होडीच्या फळीवर रंधा मारत होता. न्यांगेता भिंतीच्या सावलीत टेकून बसली होती, मान पांढऱ्या पट्ट्यांनी जाड झालेली.

"बरं झालं आलात मास्तर," ती म्हणाली. "साक्षीला कुणीतरी हवंच होतं. मसातूदादा, मला चर्चच्या आवारात पुरायचं. दिवसा. घंटा वाजवून. पेटीला तोंडापाशी खिडकी ठेवायची, सगळ्यांच्या पेटीला ठेवतात तशी. लोकांनी ओळीनं येऊन बघायचं आणि मग जेवून जायचं."

"डोकं फिरलंय तुझं," मसातू म्हणाला.

"रोग तिकडेच चाललाय, असं डॉक्टरही म्हणाले."

"आवारात पुरली तर रविवार उजाडायच्या आत उकरून नेतील. घर कशाला आहे आपलं? थोरल्याच्या शेजारी जागा ठेवलीय मी."

रंधा थांबला. मसातूनं फळीवरचा भुसा हातानं झाडला. तिथे भुसा नव्हता.

"कुठल्या थोरल्याच्या?" न्यांगेता म्हणाली.

मसातू खिळ्यांची डबी शोधू लागला.

"ब्विरे गेला," ती म्हणाली. "आईनं सांगितलं होतं मला. पाण्यावरून चालत गेला, मागे वळून पाहिलं नाही. मी किती दिवस काठावर जाऊन बसायचे. तुम्ही मला हाका मारून आणायचात."

ब्विरे त्यांचा थोरला भाऊ. तोही भुरा.

"आईनं शेजाऱ्यांना सांगितलं तेच तुला सांगितलं," मसातू म्हणाला. "लहान होतीस. तोंडात तीळ भिजत नव्हता तुझ्या. हिवतापानं गेला तो. पोरगाच होता."

"कुठे आहे?"

मसातूनं मानेनं स्वयंपाकघराकडे दाखवलं. ते तिला दिसलं नसणार, पण कळलं. त्या स्वयंपाकघरात जमीन मातीची आहे. चुलीपुढे तेवढा सिमेंटचा एक गुळगुळीत चौकोन. मीही कित्येकदा पाहिला होता. न्यांगेता त्याच्यावर बसून मासे साफ करायची, कारण तो गार लागायचा.

कोंबडी येऊन जमिनीवरच्या भुशात बसली.

"म्हणजे इतकी वर्षं मी थोरल्याच्या अंगावर बसून मासे साफ केले," न्यांगेता म्हणाली.

"आवडायचे त्याला मासे," मसातू म्हणाला.

ती हसली, असं मला वाटलं. मग म्हणाली, "मास्तर, मी येडी नाही हो. माणूस मरतं हे मला ठाऊक आहे. आई मेली, बाबा मेले, दोघांना मी हात लावून पाहिलं. पण आमचं वेगळं असेल, असं वाटत होतं. सगळं नाही, थोडंसं वाटायचं. थोरला गेला तशी मीही एक दिवस कढई उतरवीन आणि जाईन. वैद्य म्हणाला दार उघडतंय. म्हटलं उघडू दे. दाराला कुणी औषध लावतं का?"

ती रडत होती की नव्हती हे मला सांगता येणार नाही. ज्यांचे डोळे जन्मभर उन्हानं वाहतात त्यांचं रडणं वेगळं दिसत नाही.

मग तिनं कुलवाची गोष्ट काढली. कुलवा ही पलीकडच्या किनाऱ्यावरून मजुरीला आलेली पोर. वाळूवर बारीक मासळी पसरायची, उलटायची, गोळा करायची. तिला पहिलंच मूल झालं ते भुरं. नवरा मूल बघून परतीच्या होडीत बसला. कुलवा पोरीला मासळीशेजारी फडक्यावर ठेवायची, भर उन्हात, आणि कामाला लागायची.

"मी तिला म्हटलं, सावलीत ठेव गं," न्यांगेता म्हणाली. "तर ती मला म्हणते, तुम्हा लोकांना काय होतंय मावशी? तिला काय उत्तर देणार होते मी? मी पण तेच धरून बसले होते. दादा, तिनं मला मेलेली बघायला पाहिजे. एकदा बघितली की सावली शोधेल."

"आईला शब्द दिलाय मी," मसातू म्हणाला. "तुला कुणी उकरणार नाही म्हणून. तिचा हात हातात घेऊन दिलाय."

"मग आता माझा घे."

दोन दिवसांनी मसातू माझ्या शाळेत आला आणि काच आहे का म्हणाला. प्रयोगशाळेत फुलपाखरांची एक चौकट होती. फुलपाखरं मुंग्यांनी केव्हाच संपवली होती आणि चिठ्ठ्या तेवढ्या उरल्या होत्या. तिची काच मी काढून दिली.

पेटी त्यानं स्वतः बांधली, आणि त्याला एकाच प्रकारे बांधता येतं. सांध्यांत कापूस ठासला, वर डांबर भरलं. न्यांगेताला उठवत नव्हतं, म्हणून पेटीच तिच्या अंथरुणाशी आणली. तिनं कडेनं हात फिरवला, खिडकीची काच बोटानं वाजवून पाहिली.

"तरंगेल का रे?"

"तरंगेल," मसातू म्हणाला. "पण तू जाणार नाहीस कुठे."

"बघ हं. शब्द आहे."

"आहे."

ती पावसाआधीच्या कोरड्या दिवसांत मेली, सकाळी, कढईच्या वेळेला. मसातूनं आधी दारं लावली. मग थोड्या वेळानं त्यानंच ती उघडली, आणि अंगणात उभा राहून मोठ्यानं रडला. त्या घरातून रडण्याचा आवाज आलेला लोकांनी ऐकला. बायका धावत आल्या आणि उंबऱ्यातच अडखळल्या. असल्या मयतीत काय करायचं असतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटी माझ्या बायकोनं पदर खोचला. बायकांनी न्यांगेताला आंघोळ घातली, मानेची जखम कापसानं भरली, तिचा तो कढईचा खांगा गळ्यापर्यंत गुंडाळला. कुणीतरी कपाटातून मलमाची डबी काढली. भरलेलीच होती म्हणायची. तोंड सोललेलं वाईट दिसू नये म्हणून बायकांनी ते सगळं मलम तिच्या तोंडाला लावलं, हलक्या हातानं, कानापर्यंत. इतकं मलम तिला एका वेळी कधीच मिळालं नव्हतं.

अंत्यविधीला जितकी माणसं आली तितकी बेटावर आहेत याची मला कल्पना नव्हती. पलीकडून बोट भरून आली. शेंगदाणेवाले आले, भाजलेल्या रताळ्यांवाल्या आल्या. वॉर्डाच्या पुढाऱ्यानं भाषण केलं, त्यात रस्ता आला. फादर म्हणाले, मृत्यू सर्वांना समान आहे. आणि हे वाक्य ते दर मयतीला म्हणत असले तरी त्या दिवशी लोकांनी ते बातमीसारखं ऐकलं. मग ओळ लागली. माणसं खिडकीपाशी यायची, वाकायची, बघायची, आणि थोडी जास्तच वेळ बघायची. मागचे ओरडायचे, "झालं का? पुढे सरका की. आम्ही काय जेवायला आलोय?" आणि जेवायलाही ते आलेच होते, भात आणि मटण होतं.

कुलवा ओळीत होती. पोर तिच्या पाठीला बांधलेली. खिडकीपाशी आल्यावर तिनं गाठ सोडली, पोरीला पुढे घेतलं आणि काचेवर धरलं. पोरीनं काचेवर हात आपटला. कुलवा आत बघत राहिली, ओठ घट्ट मिटून. मागच्यांनी ढकललं तेव्हा ती बाजूला झाली आणि आवारातल्या आंब्याखाली जाऊन बसली, सावलीत. मी ते पाहिलं. दिवसभरात मला तेवढंच पाहायचं होतं.

पेटी खाली सोडली आणि मसातूनं वर इतकं सिमेंट ओतलं की धक्क्याची दुरुस्ती पुढच्या वर्षावर गेली.

आठवडाभरानं धक्क्यावर चहा घेत होतो. शेजारी जाळं विणणारे दोघं बसले होते.

"मास्तर, तुम्ही पाहिलंत ना खिडकीतून? काय दिसलं?"

"न्यांगेता."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मोठ्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून पाहतात तसं.

"तुम्ही विज्ञानाचे. तुम्हाला तसंच दिसणार," एक जण म्हणाला. "केळीचं खोड होतं ते."

आमच्याकडे हे असतं. चेटूक करून माणूस नेतात आणि जागी केळीचं खोड ठेवतात. घरचे त्यालाच प्रेत समजून पुरतात. पण ते चेटक्यांचं काम. न्यांगेताच्या बाबतीत ती आपली आपण गेली आणि लोकांची समजूत काढायला खोड ठेवून गेली, असा निर्णय झाला होता. पुरावे भक्कम होते. तोंड पांढरं, गुळगुळीत, तुकतुकीत होतं, तसं न्यांगेताचं कधी असायचं का? पेटी उचलणाऱ्यांनी सांगितलं होतं, हलकी लागली. कर्करोगात माणूस झिजून हलकं होतं, हे मी समजावून सांगितलं. तोंडाला मलम होतं, हेही सांगितलं. त्यांनी फार आदरानं ऐकून घेतलं आणि माझ्या चहाचे पैसे दिले.

"पण हे काढलं कुणी?" मी विचारलं.

"काढलं कुणी काय? मसातूच म्हणाला. घरचा माणूस कशाला खोटं बोलेल?"

मसातू नव्या होडीच्या पोटात शिरून सांध्यांत कापूस ठासत होता. मी बाहेर उभा राहिलो.

"तू सांगितलंस?"

"हो."

"तिनं काय मागितलं होतं तुझ्याकडे?"

"दिवसा पुरायचं, घंटा वाजवून, खिडकी ठेवून. तसंच केलं." तो होडीतून बाहेर आला. त्याच्या तोंडात खिळे नव्हते. "मास्तर, पुरल्यावर तिसऱ्या दिवशी मी आवारात गेलो. सिमेंटच्या कडेला माती उकरलेली होती. नुसती बघून गेले होते, किती जाड आहे म्हणून. मग मी धक्क्यावर येऊन बसलो आणि सांगितलं, पेटी बंद करताना मी हात घातला होता, खोड होतं. त्यानंतर कुणी फिरकलं नाही. केळीच्या खोडासाठी कोण खणतंय?"

"आणि कुलवा?"

"आईला आधी शब्द दिला होता," मसातू म्हणाला. "तिला नंतर."

तो हातातल्या कापसाचा पिळा करत उभा होता, पिळा झालेला असूनही. "मी रोज जातो तिथे," तो म्हणाला. "लोकांना वाटतं, मी येडा खोडाला भेटायला जातो. वाटू दे. ती आहे तिथे."

घरी परतताना मी वाळूवरून गेलो. मासळी पसरलेली होती. कुलवा वाकून उलटत होती. पोर शेजारी फडक्यावर होती, आणि तिच्यावर न्यांगेताची गवती टोपी.

"टोपी कुठून आणलीस?" मी विचारलं.

"मसातूमामांनी दिली."

"चांगलं केलं. ऊन फार वाईट असतं ह्यांना."

"उन्हाचं काय नाही मास्तर," कुलवा म्हणाली. "गेलेल्या माणसाची टोपी आहे. हिला पण एक दिवस जायचंय. मावशी वाटेत भेटली तर टोपीवरून ओळखेल."

"तू काचेतून बघितलंस ना?"

"बघितलं. पोरीला पण दाखवलं." तिनं मासळीची एक मूठ उलटली. "खोडच होतं."

टोपी मोठी होती. पोरीचं तोंड, मान आणि दोन्ही हात सावलीत होते. पाय उन्हात होते.